कातळाला टेकलेला समुद्र

वेस्ट मांबलममधील आमच्या देवघरात आजोबांच्या वेळेपासूनचा एक शाळिग्राम आहे. गंडकीतील असा गोटा फुटला, तर आत बहुधा चक्राकार ठसा दिसतो. तो अ‍ॅमोनाइट नावाच्या, आता नामशेष झालेल्या समुद्रजीवाचा. त्याचे भाऊबंद आमच्या तामिळनाडूतही आहेत. पेरांबलूर जिल्ह्यातील कारै गावच्या उजाड घळींत ते सापडतात.

सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी आपला देश मादागास्करला जोडलेला, पण बाकी चहूकडून पाण्याने वेढलेला होता. पुढे तेही सुटले आणि भारत हे एकटे बेट उरले. सह्याद्रीचा लाव्हा वाहू लागण्यास तेव्हा तीन कोटी वर्षांहून अधिक अवकाश होता. त्या बेटाचा पूर्व किनारा कोठे होता?

खडकाळ किनाऱ्याचा पुरावा मिळणे कठीण. चिखलात मेलेला जीव गाडला जातो आणि टिकतो. कातळाला चिकटलेल्या कालवाचा लाटा चुरा करतात. ज्यांनी रत्नागिरीकडे कालवे फोडली आहेत, त्यांना हे सांगावयास नको. परंतु त्रिचनापल्लीजवळ कल्लक्कुडी येथे अतिप्राचीन कातळाला टेकून पोवळ्यांचा चुनखडक उभा आहे. पोवळ्यांना पाय रोवण्यास घट्ट जागा आणि उथळ, उजेडाचे पाणी हवे. म्हणजे समुद्र येथे कातळाला भिडत होता! आज तो पूर्वेस शंभरएक किलोमीटर दूर आहे. सात्तनूरला त्याच काळातील सुमारे १८ मीटर लांबीचे, दगड झालेले झाडाचे खोड आहे. किनाऱ्यावरची वनराई अशी समुद्राच्या गाळात येऊन विसावली.

या मुलखातील शंखशिंपल्यांचे वर्णन फर्डिनांड स्टोलिच्का या मोरावियातील विद्वानाने केले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या सेवेत त्याने त्यावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले, आणि १८७४ मध्ये यारकंदहून परतताना लडाखच्या उंचीवर प्राण सोडला. सरकारी नोकरीत इतके काम होऊ शकते, हे मी स्वतःस अधूनमधून बजावीत असतो.

पण हाच चुनखडक सिमेंटसाठी खणला जातो. खाण नसती तर तो थर आपल्याला इतका उघडा दिसला नसता, हे खरे. खाणीने तो दळला की पुन्हा दिसणार नाही, हेही तितकेच खरे. सिमेंट नको, असे सिमेंटच्या घरात राहून मी कोणत्या तोंडाने म्हणावे? माझे मागणे लहान आहे. कातळ आणि पोवळी जेथे एकमेकांस टेकतात, ती एक भिंत न खणता राखावी. सात्तनूरच्या खोडाभोवती उद्यान झाले. या भिंतीस साधे कुंपण पुरे.

गेल्या खेपेस धाकट्या मुलीने तेथील धुळीतून पोवळ्याचा एक तुकडा उचलला. तो तिने घरी आणून शाळिग्रामाशेजारी ठेवला आहे. तिच्या आजीने अजून हरकत घेतलेली नाही.