बास, गरी आणि खिशाला परवडणारी स्पर्धा



अमेरिकेत बास माशाच्या स्पर्धा टीव्हीवर दिसतात तेव्हा नजर प्रथम बोटीवर जाते. अडीचशे अश्वशक्तीचं इंजिन, पाण्याखालचं चित्र दाखवणारे पडदे, डेकवर ओळीने मांडलेल्या दहा-बारा काठ्या. हे सगळं असल्याशिवाय या खेळात पाऊल टाकायचं नाही, अशी समजूत तिथे गेलेल्या आपल्या पोरांचीही होते. ती खोटी आहे, एवढंच सांगायला मी आज उभा आहे. पैशाने माशापर्यंत लवकर पोचता येतं, पण मासा आमिष घेतो तो आपल्या कारणांनी.

ती कारणं आधी पाहू. लार्जमाउथ बासचा जबडा एवढा मोठा की तोंड मिटलं तरी त्याची कड डोळ्याच्या मागे जाते. हा मासा भक्ष्याचा लांबवर पाठलाग करत नाही, दबा धरून बसतो. बुडालेलं झाड, शेवाळाची कड, धक्क्याच्या खांबांची सावली या त्याच्या जागा. म्हणून मोकळ्या पाण्यात लांब गरी फेकण्यापेक्षा खांबाला खेटून टाकलेली जवळची फेक मोलाची. दुसरं कारण तापमान. पाणी साधारण १५ ते १८ अंश सेल्सिअसला आलं की बास विणीसाठी उथळ काठाशी येतो. नर शेपटीने तळ साफ करून घर करतो आणि अंड्यांवर पहारा देतो. भर उन्हाळ्यात बास पहाटे आणि तिन्हीसांजेला काठाशी सापडतो, दुपारी सावलीत किंवा खोल जातो. थंडीत त्याचं पचनच मंदावतं, मग आमिषही तितकंच सावकाश ओढायचं. हे कळायला साधं थर्मामीटर पुरतं.

आता सामान. नवशिक्याने स्पिनिंग रिळाची, साधारण सात फुटी, मध्यम ताकदीची एकच काठी घ्यावी. बेटकास्टिंग रीळ जाड दोरीला आणि गच्च शेवाळात उत्तम, पण अंगठ्याला सवय होईपर्यंत त्यात दोरीचा गुंता होत राहतो आणि निम्मी सकाळ तो सोडवण्यात जाते. दोरी आठ ते दहा पौंडांची. आमिषांच्या दुकानात मात्र हात आवरावा. तिथले कित्येक रंग माशापेक्षा माणसाला भुलवण्यासाठी असतात, असं माझं ठाम मत आहे. मऊ प्लास्टिकचा गांडूळ, थोडी निमुळती शिशं आणि वाकड्या मानेच्या गऱ्या एवढ्यावर हंगाम निघतो. दोरीत आधी शिसं ओवायचं, मग गरी बांधायची आणि तिचं टोक गांडुळाच्या अंगात लपवायचं. याला टेक्सास रिग म्हणतात. टोक लपलेलं असल्याने गरी फांद्यांत अडकत नाही आणि बास जिथे बसतो तिथेच आमिष नेता येतं. तळावर टेकवा, हलकेच उचला, थांबा. मासा बहुधा त्या थांबण्यात आमिष घेतो.

स्पर्धांचं आजचं रूप घडवलं ते अलाबामातल्या रे स्कॉट या विमा-विक्रेत्याने. १९६७ साली आर्कान्सातल्या बीव्हर लेकवर त्याने शंभर डॉलर प्रवेशफी ठेवून स्पर्धा भरवली आणि १०६ जण आले. १९७१ साली त्याच्याच पहिल्या ‘बासमास्टर क्लासिक’ स्पर्धेत तर २४ स्पर्धकांना विमान आकाशात गेल्यावरच सांगितलं की आपण लेक मीड या तलावावर चाललो आहोत. आधी जाऊन कुणी जागा हेरायची सोयच नव्हती. पाणी पाहून ज्याला वाचता येईल तो पुढे, हा त्यातला न्याय मला फार आवडतो. पुढच्याच वर्षी स्कॉटने मासा जिवंत सोडण्याचा आग्रह धरला. या खेळावरचा त्याचा सर्वांत मोठा उपकार तोच.

तरी माशांच्या वजनावर निकाल लागणाऱ्या या स्पर्धांत एक दोष राहतो. मासे दिवसभर बोटीच्या टाकीत फिरतात आणि पकडल्या जागेपासून दूर, वजनाच्या धक्क्याशी सोडले जातात. उन्हाळ्यात त्यातले काही नंतर मरतात. विणीच्या दिवसांत पहारेकरी नर घरापासून दूर गेला, तर छोटे मासे अंडी फस्त करतात.

कयाक म्हणजे छोट्या, अरुंद होडीतून खेळायच्या स्पर्धेने हा प्रश्न बराच सोडवला आणि खर्चही उतरवला. इथे वजन नाही, लांबी मोजतात. मासा पट्टीवर ठेवायचा, तोंड पट्टीच्या कठड्याला टेकवायचं, त्या दिवशी आयोजकांनी दिलेली खूण शेजारी ठेवून फोटो काढायचा आणि मासा तिथेच पाण्यात सोडायचा. सर्वांत लांब पाच माशांची बेरीज म्हणजे गुण. वल्हवायची कयाक मोटारीच्या टपावर जाते, ट्रेलर लागत नाही. तीही परवडत नसेल तर कित्येक क्लबांमध्ये दुसऱ्याच्या बोटीवर मागच्या जागेवरून खेळता येतं, आणि नवख्याला त्यासारखी शाळा नाही.

डॅलस-अटलांटाकडे मुलं-नातवंडं असलेले इथे बरेच जण दिसतात. त्यांना निरोप द्या: आधी त्या राज्याचा मासेमारीचा परवाना काढा, एक हंगाम काठावरूनच गरवा आणि कयाकचे पैसे त्यानंतर काढा. लाइफ जॅकेट मात्र कयाकबरोबरच घ्या आणि पाण्यावर असेपर्यंत ते अंगावरून काढू नका.