नौकेच्या बुडाचा रंग



केडगांव हें नगर-पुणें रस्त्यावरचें, आतां शहरांत सामील झालेलें गांव. येथून समुद्र सह्याद्रीच्या पार पलीकडे. मग नौकेच्या बुडास लावावयाच्या रंगाची कथा येथें कशाला, अशी शंका कोणासहि येईल. तिचें उत्तर शेवटीं मिळेल.

समुद्राच्या पाण्यांत कोणतीहि वस्तु बुडवून ठेवा, कांहीं तासांतच तीवर सूक्ष्म जंतूंचा बुळबुळीत थर बसतो. मागाहून शेवाळ येतें, आणि मग बार्नॅकल नांवाचे कठीण कवचाचे प्राणी चिकटतात. ते शिंपल्यांसारखे दिसले तरी जातीनें खेंकडा-कोळंबीचे भाऊबंद होत. बूड असें खरखरीत झालें, कीं वेग मंदावतो व तेल अधिक जळतें. मच्छीमाराच्या मिळकतीस ही नित्याची गळतीच होय.

यावर तांब्याचा उपाय सांपडला. १७६१ सालीं इंग्रजांच्या ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या बुडास तांब्याचा पत्रा ठोकण्यांत आला. पत्रा टिकला, परंतु त्यालगतचे लोखंडी खिळे मात्र गंजून गेले. पुढें १८२४ च्या सुमारास हम्फ्री डेव्ही या रसायनज्ञानें तांब्यास लोखंडाचे व जस्ताचे तुकडे जोडून त्याची झीज थांबविली. तोंच त्या पत्र्यावर पुनः शिंपलेशेवाळ माजलें! तांबें झिजून पाण्यांत विरघळतें, म्हणूनच तें नौकेस राखतें, हें तेव्हां उघड झालें.

आजच्या रंगांतहि बहुधा तांब्याचेंच भस्म असतें. त्यांतील टिकाऊ प्रकार पाण्याच्या घर्षणानें थराथरानें झिजतो व प्रत्येक वेळीं नवें तांबें उघडें करतो. अर्थात् तो किती दिवस टिकेल, हें थर किती जाड दिला यावर अवलंबून.

कोंकणांत पावसाळ्यांत होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात. ऋतु सरतांना, बूड कोरडें झाल्यावर, हें काम मालकास स्वतः करतां येतें. होडी वर घेतांच, घाण ओली आहे तोंच, खरवडून धुवावी. जुना रंग पाण्याचा कांचकागद वापरूनच घांसावा. कोरड्या घांसणीची धूळ विषारी असते. हातमोजे, चष्मा व योग्य मुखपट यांवांचून कामास हात घालूं नये, आणि मुलांस जवळ येऊं देऊं नये. पहिला हात एका रंगाचा व वरचे दुसऱ्या रंगाचे द्यावे. खालचा रंग दिसूं लागला, कीं नवा थर देण्याची वेळ झाली असें समजावें. नाळ, सुकाणूं व पाण्याची रेघ येथें झीज अधिक, म्हणून तेथें एक हात जास्त. जस्ताच्या वड्यांवर रंग लावूं नये. आणि ॲल्युमिनियमच्या होडीस तांब्याचा रंग मुळींच नको, तो धातूसच खातो. दोन हातांमधील व पाण्यांत लोटण्यापूर्वींचा अवधि डब्यावर लिहिलेला असतो, तो पाळावा. खरवडलेला चुरा ताडपत्रीवर गोळा करावा. तो खाडींत लोटूं नये.

हा शेवटचा नियम क्षुल्लक नव्हे. मागील शतकांत कथिलाचें एक संयुग घातलेले रंग फार प्रभावी ठरले. परंतु फ्रान्सच्या आर्काशॉं उपसागरांतील कालवांचीं कवचें त्यानें विकृत झालीं, व पैदास खुंटली. फ्रान्सनें १९८२ सालीं लहान नौकांवर त्यास बंदी घातली. २००१ सालीं आंतरराष्ट्रीय करार झाला व तो २००८ सालीं अमलांत आला. ज्या खाडींत होडी रंगवावयाची, त्याच खाडींतलीं कालवें घरांत शिजतात, हें विसरून चालणार नाहीं.

आतां केडगांवचें उत्तर. बार्नॅकल हे खाऱ्या व मचूळ पाण्याचे जीव. गोड्या पाण्यांत त्यांची वस्ती होत नाहीं. तेव्हां मुळा धरणाच्या अगर भंडारदऱ्याच्या जलाशयांतील होडीस या विषारी रंगाची गरज नाहीं. तेथें शेवाळ धरलें, तर होडी कांठावर घेऊन ब्रशानें घांसावी. साधा जलरोधक रंग पुरे. विक्रेता ‘उत्तम व टिकाऊ’ म्हणून समुद्राचा डबा पुढें करील, तर तो नाकारावा; कारण मुळेचें पाणी नगर शहराच्या नळांस येतें. समुद्रांत जें होडीचें रक्षण करतें, तें आपल्या पिण्याच्या पाण्यांत विनाकारण कां मिसळावें?