माकडहाडाजवळील नाडीव्रण : लहान छेद की मोठा?

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



कोणत्या विषयावर बोलणार, असे चिटणिसांनी विचारले तेव्हा आमचे उत्तर ऐकून ते क्षणभर गप्पच झाले. सहकुटुंब सभा, आणि डॉक्टर बोलणार बैठकीच्या जागेवरील फोडाविषयी! पण ह्या संकोचावरच हा रोग पोसला जातो. म्हणून विषय आम्ही बदलला नाही.

गेल्या वर्षी आपल्या वसतिगृहातील एक विद्यार्थी आमच्याकडे आला. सात महिने तो एका अंगावर भार देऊन वर्गात बसत होता. सुट्टीत घरी गेला असता आईला धुण्यात पू-रक्ताचा डाग दिसला, तेव्हा कोठे गोष्ट फुटली. बरोबर वडील होते. त्यांनी खुर्चीवर बसण्यापूर्वीच विचारले, "डॉक्टरसाहेब, दुर्बिणीने होईल ना? कापाकापी नको." हाच प्रश्न आम्हांस आता रोज ऐकावा लागतो, आणि त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही.

आधी रोग काय तो पाहू. माकडहाडापाशी, दोन्ही कुल्ल्यांमधील घळीत, अगदी मध्यरेषेवर एकदोन बारीक छिद्रे पडतात. त्यांतून सुटे केस आत शिरतात, आणि कातडीखाली पोकळी होऊन ती वाहू लागते. बोस्टनचे शल्यविशारद हॉजेस ह्यांनी १८८० साली ह्यास लॅटिनमधील 'केस' आणि 'घरटे' ह्या दोन शब्दांवरून पायलोनायडल हे नाव दिले. आपल्या सुश्रुतसंहितेत नाडीव्रणाच्या प्रकारांत, आत शल्य राहिल्याने होणारी नाडी वेगळी सांगितली आहे. येथे ते शल्य म्हणजे केस.

हा दोष जन्मतःच असतो, असे पुष्कळ वर्षे मानीत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यातील हजारो जवान ह्या रोगाने इस्पितळात पडले. जीपगाडीतील हादऱ्यांवर ठपका ठेवून त्यास 'जीपचा रोग' असेही म्हणू लागले. पुढे १९४६ साली पेटी आणि स्कार्फ ह्या ब्रिटिश डॉक्टरांनी एका न्हाव्याच्या बोटांच्या बेचक्यात असाच व्रण दाखवून दिला. त्याच्या हातात गिऱ्हाइकांचे केस रुतले होते! तेव्हापासून बाहेरून शिरणाऱ्या केसांकडे लक्ष गेले. अलीकडे, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर ह्या पोकळीत डोक्याचे, कापलेल्या अणकुचीदार टोकांचे तुकडे मोठ्या संख्येने सापडले. हजामत करून आल्यावर आधी स्नान, ही आपल्या घरांतील रीत कोणी ह्या कारणासाठी घातली असेल असे नव्हे, पण मोडण्यासारखीही ती नाही.

आता शस्त्रक्रिया. जुनी पद्धत म्हणजे सगळा रोगट भाग हाडापर्यंत कापून काढणे. मग जखम उघडी ठेवली तर ती खालून भरत येण्यास कित्येक आठवडे, कधी महिने लागतात, आणि रोजची पट्टी करताना घरचे माणूस आणि रोगी दोघेही रडकुंडीस येतात. उलट मध्यरेषेवर टाके घालून ती मिटवली, तर ज्या खोल, ओलसर घळीने रोग आणला तिच्यातच टाक्यांची रेघ येते. आम्ही उमेदीच्या काळात एका तरुण ड्रायव्हरची जखम अशीच नीटनेटकी शिवली, आणि मनात खूषही झालो. बाराव्या दिवशी टाके उसवले. पुढे दोनदा तो परत आला. तिसऱ्या खेपेस मात्र दुसऱ्या शहरी गेला, आणि त्याने योग्य तेच केले.

ग्रीसच्या सैन्यातील शल्यविशारद कॅरिडाकिस ह्यांनी १९७३ साली ह्याचे मर्म पुढे मांडले: टाके मध्यरेषेपासून बाजूला न्या आणि घळ उथळ करा. रशियातील लिम्बर्ग ह्यांच्या नावाची चौकटीच्या आकाराची पद्धतही तेच साधते. तीत शेजारची कातडी चरबीसह, मूळ जागेपासून न तोडता, वळवून बसवतात. छेद मोठा दिसतो, वणही राहतो, परंतु रोग उलटण्याचे प्रमाण मध्यरेषेवरील टाक्यांपेक्षा पुष्कळ कमी, हे अनेक तुलनांतून दिसले आहे.

लहान छेदाची वाट अमेरिकेतील बॅस्कम ह्यांनी १९८० साली दाखविली. मध्यरेषेवरील छिद्रे तेवढी तांदळाच्या दाण्याएवढी कापून काढावयाची आणि पोकळी बाजूच्या छेदातून साफ करावयाची. इटलीतील मेनेरो ह्यांनी २०१४ साली बारीक दुर्बीण आत घालून केस चिमट्याने काढण्याची आणि पोकळी जाळण्याची रीत प्रसिद्ध केली. लेसरची कांडी आणि फिनॉल ही त्याच घराण्यातली. वेदना कमी, रोगी बहुधा त्याच दिवशी घरी, काही दिवसांत कामावर. हा लाभ खरा आहे. आम्ही त्यास मुळीच कमी लेखीत नाही.

मात्र जाहिरातीच्या फलकावर 'कायमचा इलाज' लिहिलेले असते, तेथे आमचे भांडण आहे. घळ तशीच राहते, केस तसेच राहतात. तेव्हा लहान शस्त्रक्रियेनंतर रोग उलटण्याचा संभव घळ उथळ करणाऱ्या शस्त्रक्रियेपेक्षा अधिक. आणि उलटणे हे पाच-दहा वर्षांनीही घडते. एका वर्षाचा आकडा दाखवून कोणी हमी देऊ लागला, तर पुढील वर्षांचे काय हे जरूर विचारावे.

म्हणून आम्ही आधी छिद्रे मोजतो. एकदोन छिद्रे, लहान पोकळी, पहिलीच खेप: तेथे लहान छेद पुरे, कारण पुढे गरज पडली तर मोठी शस्त्रक्रिया करता येते, कापलेली कातडी मात्र परत आणता येत नाही. फाटे फुटलेले, खोल घळ, दोनदा उलटलेला रोग: तेथे बाजूला टाके नेणारी मोठी शस्त्रक्रियाच बरी. गळू ठणकत असेल तर आधी पू काढून द्यावा, बाकीचा विचार मागाहून.

त्या विद्यार्थ्याला दोनच छिद्रे होती. रोग उलटू शकतो हे वडिलांना दोनदा सांगितले, आणि तेवढाच भाग बधिर करून लहान छेदाने काम केले. पाचव्या दिवशी तो वर्गात बसला. वडील पेढे घेऊन आले. पेढे घेतले, पण "बरा झाला" असे आम्ही अजून म्हटलेले नाही, कारण चौदाच महिने झाले आहेत.

सभेत प्रश्न विचारण्याचा संकोच वाटल्यास कचेरीतील पेटीत नाव न घालता चिठ्ठी टाकावी. उत्तर सूचनाफलकावर लावू.