अस्सल घोड्याची गोष्ट

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आमचं घराणं नालबंदांचं. माझे दादा, म्हणजे वडिलांचे वडील, तालुक्याच्या गावी टांग्यांच्या अड्ड्याजवळ बसायचे. घोडा समोर आला की मालक त्याच्या जातीचं कौतुक सुरू करायचा. हा काठेवाडी, याची आई अमकी, बाप तमका. दादा सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "ते असू दे रे भाऊ. पाय दाखव." मग खूर मांडीवर घेऊन कामाला लागायचे.

मी नाल ठोकायला शिकलो नाही. बी.ए. झालो, मराठीत कविता लिहू लागलो. गेली तीसेक वर्षं कविसंमेलनात एक प्रश्न ठरलेला असतो, "तुमचं मराठी इतकं शुद्ध कसं हो?" विचारणारा प्रेमानंच विचारतो. आमच्या नात्यातले काहीजण उलटं विचारतात, "आपली जबान सोडून हे काय लिहितोस?" दोघांनाही उत्तर देताना मी अडखळतो. त्या 'शुद्ध' शब्दाविषयीच आज बोलणार आहे, पण घोड्याच्या निमित्तानं.

स्पेनच्या दक्षिणेला अंदालुसिया नावाचा प्रदेश आहे. बी.ए.ला इतिहास शिकताना तो मला प्रथम भेटला. तिथला घोडा जगभर अंदालुसियन म्हणून ओळखला जातो. भरदार मान, दाट लांब आयाळ, बहुतेक करडा-पांढरा रंग आणि पाऊल उंच उचलून टाकायची ऐटबाज चाल. मी तो चित्रांत आणि पडद्यावरच पाहिला आहे. स्पेनमधलं त्याचं अधिकृत नाव आहे 'पुरा रासा एस्पान्योला', म्हणजे शुद्ध स्पॅनिश वंश.

आता या शुद्ध घोड्याचं घराणं पाहा. इसवी सन ७११ मध्ये तारिक इब्न झियाद समुद्र ओलांडून स्पेनमध्ये उतरला. जिब्राल्टर हे नाव त्याच्यावरूनच पडलं, जबल तारिक, तारिकचा डोंगर. उत्तर आफ्रिकेतले बार्ब घोडे पुढच्या शतकांत तिथं रुळले. दोन्ही किनाऱ्यांवरच्या घोड्यांचं रक्ताचं नातं आजच्या जनुकशास्त्रानंही दाखवलं आहे. स्पॅनिशमध्ये स्वाराला 'खिनेते' म्हणतात. हा शब्द झनाता या बर्बर टोळीच्या नावावरून आला. तांबूस घोड्याला 'अलासान' म्हणतात, तोही मूळचा अरबी शब्द. गंमत अशी, की विसाव्या शतकात बराच काळ या शुद्ध घोड्यांच्या नोंदवहीत तांबूस रंगाला प्रवेशच नव्हता. या शतकाच्या सुरुवातीला तो मिळाला. आपला 'अबलख' शब्दही अरबीतूनच आला, पण मराठीत शिरताना त्याला कुणी कागद विचारले नाहीत.

खेरेस गावच्या कार्थुसियन मठातल्या साधूंनी हा वंश निगुतीनं जपला. बाहेरचं रक्त मिसळायचा राजाचा हुकूमही त्यांनी मानला नाही, असं सांगतात. त्यांच्या घोड्यांच्या वंशजांना आजही जास्त मान आहे. पण २००५ साली अभ्यासकांनी वंशावळ्या तपासल्या, तेव्हा हे घोडे इतर अंदालुसियनांहून वेगळे मानावेत इतकं अंतर काही आढळलं नाही.

या घोड्याचं खरं थोरपण मला दिसतं ते त्यानं दुसऱ्यांना जे दिलं त्यात. १५८० साली ऑस्ट्रियाच्या आर्चड्यूक चार्ल्सनं, आज स्लोव्हेनियात असलेल्या लिपित्सा गावी, स्पेनचे घोडे आणून पागा उभी केली. तिथून लिपिझानर जात घडली. तिच्या मूळ पुरुषांत प्लूटो हा डेन्मार्कचा, कॉन्व्हर्सानो इटलीतल्या नेपल्सकडचा आणि सिग्लावी चक्क अरबी. शिंगरू जन्मतं काळपट आणि बहुतेकदा पुढं काही वर्षांत पांढरंशुभ्र होतं. हे घोडे व्हिएन्नाच्या ज्या प्रशालेत नृत्यासारखी पावलं टाकतात, तिचं नाव आजही 'स्पॅनिश' आहे. २०२२ साली युनेस्कोनं या घोड्यांच्या पैदाशीची परंपरा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंदवली, तेव्हा मागणी करणारे देश आठ होते. एका संकराच्या घोड्यावर आठ देशांनी मिळून हक्क सांगितला!

दुसरी गोष्ट मेक्सिकोची. १५१९ साली कोर्तेस तिथं सोळा घोडे घेऊन उतरला. स्पेनहून आलेल्या घोड्यांचे वंशज तिथं 'क्रिओयो' झाले. १९७२ पासून मेक्सिकोत अंदालुसियन, अमेरिकेचा क्वार्टर हॉर्स आणि हे क्रिओयो यांच्या संकरातून 'अझ्तेका' जात घडवली गेली. क्वार्टर हॉर्सच्या पूर्वजांतही स्पॅनिश रक्त होतं. म्हणजे संकर कसला, दूर गेलेले भाऊबंद पुन्हा भेटले.

पण श्रोतेहो, संकर म्हणजे वाटेल तसं मिसळणं नव्हे. पहिल्या पिढीचं शिंगरू देखणं निघालं, तरी दोन अर्ध्या रक्तांच्या घोड्यांची संतती कशी निघेल याचा नेम नसतो. एखाद्यात आजोबाची चाल येते, एखाद्यात आजीचा हट्ट. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या निवड करावी लागते, वही ठेवावी लागते. अझ्तेकात कुठल्याही एका जातीचं रक्त तीन चतुर्थांशांहून जास्त असू नये, असा नियम आहे. आणि मुळचे वंश सांभाळणारे नसतील, तर मिसळायला उरणार काय? मठातल्या साधूंचं ऋण मी म्हणूनच मानतो. जपणाराही हवा आणि मिसळणाराही.

आपल्या भीमेकाठची भीमथडी तट्टंही अशीच, इथली घोडी आणि अरबी घोडे यांच्या मेळातून झालेली. मराठ्यांच्या दौडी त्यांच्या पाठीवर झाल्या. त्यांना कुणी परकी म्हटलं नाही.

माझं मराठीही तसंच आहे. घरातली दखनी, शाळेतल्या बाईंचं व्याकरण, बाजारातली बोली आणि ओव्या म्हणणाऱ्या शेजारच्या काकू, सगळ्यांचं थोडं थोडं त्यात आहे. ते शुद्ध नाही, पण त्याच्यावर मेहनत झालेली आहे. आता कुणी माझ्या मराठीचं कूळ विचारलं, की मी दादांचंच वाक्य जरा बदलून म्हणतो, "ते असू द्या. कविता ऐका."