तीन घरं, शेवटी ‘ल’

डोंबिवली फास्टमध्ये उभ्या उभ्या ऐकत असाल तर एका कानात ऐका, दुसरा कान अनाउन्समेंटला ठेवा.

आजचा क्लू आहे ‘पेट्रोलियमपासून मिळणारा ज्वलनशील द्रव’. तीन घरं.

पेट्रोल? बसतं. डिझेल? तेही बसतं. रॉकेल? तेही! तिन्हींचा शेवट ‘ल’ने, म्हणजे त्या घरातून जाणारा उभा शब्द आला तरी उपयोग शून्य. आजीचं ‘घासलेट’ मात्र चार घरांचं, ते आपोआप बाद.

मी इंजिनिअर, म्हणून एक गंमत सांगतो. मराठी कोड्यात एका घरात एक अक्षर, जोडाक्षरसुद्धा. कॉम्प्युटरला मात्र ‘पेट्रोल’मध्ये सात कोडपॉइंट दिसतात. अक्षरं मोजायला सांगितली तर युनिकोडच्या जुन्या नियमाने ‘ट्’ आणि ‘रो’ वेगळे धरून चार यायची. 2023च्या 15.1 आवृत्तीत हे सुधारलं. शब्दकोडं भरणाऱ्या आजोबांना हे कायमच माहीत होतं.

आता अर्थ. पेट्रोलियम म्हणजे लॅटिनमध्ये दगड अधिक तेल. आणि रॉकेल? ‘रॉक ऑइल’. म्हणजे नावं दोन, अर्थ एकच, दगडाचं तेल.

पण स्वभाव अजिबात एक नाही. पेट्रोलची वाफ उणे 40 अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. रॉकेलला साधारण 35 अंशांच्या वर तापावं लागतं, म्हणूनच ते वातीच्या स्टोव्हमध्ये चालायचं. त्यात चुकून पेट्रोल ओतलं तर भडकाच. लोकलमध्ये यातलं काहीही नेऊ नका. रेल्वे कायद्याच्या कलम 164 खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

रेशनचं रॉकेल निळं का असायचं? स्वस्तातलं रॉकेल पेट्रोल-डिझेलमध्ये मिसळलं तर कळावं म्हणून. त्या भेसळीत किती पैसा होता, हे महाराष्ट्राने 25 जानेवारी 2011ला पाहिलं. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी मनमाडजवळ तेलाची भेसळ पकडली, तेव्हा त्यांना तिथेच जिवंत जाळलं. मी तेव्हा शाळेत होतो. पेपरात कोड्याच्या पानाआधी ती बातमी वाचल्याचं आठवतं.

म्हणून सांगतो, ‘ज्वलनशील द्रव’ हा आळशी क्लू आहे. ‘स्टोव्हमधलं निळं तेल’ लिहा की राव! फक्त आत्ताच्या दहावीच्या पोराला स्टोव्ह दाखवावा लागेल, ती वेगळी अडचण.

बरं, आता तुमची पाळी. दोन घरं. हाही पेट्रोलियममधूनच निघतो, हाही पटकन पेटतो, आणि खत-प्लास्टिकच्या कारखान्यांना कच्चा माल म्हणून लागतो. दुसऱ्या घरात जोडाक्षर. ठाणे यायच्या आत सुटतंय का बघा.