सतरंजी कोण उचलणार?

(तुर्भे, नवी मुंबई येथील युवक अभ्यास शिबिरातलं भाषण. बोललं तसं छापतो आहोत.)



पत्रिकेत माझ्या नावापुढं विषय टाकलाय : 'नेतृत्व : व्यक्तिगत महत्त्वाकांक्षा आणि माणसांशी नातं'. विषय पुस्तकी वाटतो, पण दुखणं आपल्या घरातलं आहे. सकाळी मी आलो तेव्हा दोन पोरं गुमान सतरंज्या अंथरत होती. बाकीचे सात-आठजण बॅनरवर कुणाचा फोटो बारीक आला म्हणून हुज्जत घालत होते. तिथूनच सुरुवात करू.

महत्त्वाकांक्षा हे पाप नव्हे, हे आधी डोक्यात पक्कं करा. ज्या समाजव्यवस्थेने आपल्या बापजाद्यांना हजारो वर्षं 'पायरीनं राहा' म्हणून दाबलं, तिलाच आपली महत्त्वाकांक्षा खुपते. त्यांच्या पोराला कलेक्टर व्हायचं असलं की तो हुशार. आपल्या पोराला व्हायचं असलं की तो माजला. बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला १९२० साली पुन्हा लंडनला गेले. ही महत्त्वाकांक्षा नव्हती तर काय होतं?

पण तेव्हा इकडं घर कुणी ओढलं? रमाईनं. एका माणसाच्या मोठेपणात दुसऱ्या माणसाची हाडं झिजलेली असतात. १९३५ साली रमाई गेल्या, आणि पाकिस्तानवरचा आपला ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीला अर्पण केला. झिजणाऱ्याचं नाव त्यांनी पुसलं नाही. आपण काय करतो? सभेचा चहा करणाऱ्या, वर्गणी गोळा करणाऱ्या, मोर्चात लेकरू काखेला मारून चालणाऱ्या बायांपैकी किती जणींची नावं आपल्या कार्यकारिणीच्या यादीत आहेत? मोजा आणि मग नेतृत्वावर बोला.

आता महाड. इथून लांब नाही. १९ आणि २० मार्च १९२७ ची कुलाबा जिल्हा परिषद उभी करायला रामचंद्र बाबाजी मोरे राबले होते. हेच मोरे पुढं कम्युनिस्ट पक्षात गेले. वाट वेगळी झाली, पण बाबासाहेबांशी असलेला त्यांचा जिव्हाळा तुटला नाही. आणि आपल्याकडं? एखाद्यानं मीटिंगमध्ये उलट प्रश्न विचारला की रात्रीत तो 'विकला गेलेला' ठरतो.

पँथरचंच बघा. १९७२ साली पँथर निघाली. नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले ही मित्रांची, लिहिणाऱ्यांची, झोपडपट्टी-चाळीतली फळी. सत्तेला घाम फोडला त्यांनी. १० जानेवारी १९७४ ला मुंबईच्या मोर्चात भागवत जाधव शहीद झाला. त्याच वर्षी मार्क्स की बुद्ध या वादात संघटना फुटली. वाद खरा होता, तो व्हायलाच पाहिजे होता. पण वादाबरोबर माणसंही तुटली. वस्तीतल्या पोराला, काल ज्या दोघांच्या सभेला तो एकाच दमात घोषणा देत होता, त्यातला एक निवडावा लागला. त्याला मार्क्स कुणी समजावला नव्हता, बुद्धही नव्हता. त्याच्याकडं होता फक्त विश्वास, आणि नेमका तोच मोडला.

रिपब्लिकन पक्षाचं तर काय सांगावं. ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपूरला स्थापना झाली आणि थोड्याच वर्षांत गट पडले. १९९८ साली सगळे एकत्र आले. काँग्रेसशी युती झाली. प्रकाश आंबेडकर, रामदास आठवले, जोगेंद्र कवाडे, रा. सू. गवई असे चार खासदार निवडून आले, तेही चारही खुल्या मतदारसंघांतून! लोकांनी पदरमोड करून प्रचार केला होता. मग काय झालं? वर्षा-दीड वर्षात पुन्हा ज्याचं त्याचं दुकान. लोकांचं ऐक्य खरं होतं. वरचं ऐक्य जागावाटपापुरतं होतं. जागा वाटून झाल्या, ऐक्य संपलं.

उलट हे बघा. बाबासाहेब १९५२ साली मुंबईत लोकसभेला हरले. १९५४ साली भंडाऱ्यात हरले. कायदामंत्रिपद तर १९५१ सालीच हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर त्यांनी सोडलं होतं. म्हणजे मंत्रिपद नाही, वर दोनदा पराभव. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला त्यांच्या एका हाकेवर लाखो माणसं नागपूरला आली. बाजारात पाडला तर एका मताला चार पैसे फुटतात. पण धर्म बदलायला कुणी पैसे घेऊन येत नाही. खुर्ची गेल्यावर मागं जे उरतं, तेवढंच पुढाऱ्याचं खरं भांडवल.

आता दुसऱ्यांचे वाभाडे पुरे. माझं सांगतो.

ही नवी मुंबई. १९७० साली सिडको झाली, नकाशावर शहर आखलं गेलं. खडी फोडणारा, माल चढवणारा, कंपनीच्या गेटवर रोजानं उभा राहणारा माणूस त्या नकाशात नव्हता. तो डोंगराच्या कडेला राहिला. अशाच एका वस्तीत मी आणि माझा एक दोस्त अभ्यासिका चालवायचो. घरोघर फिरायचा तो, भाषण ठोकायचो मी. २०१५ च्या महापालिका निवडणुकीत मला तिकीट चालून आलं. दोस्ताला न विचारता मी घेतलं. प्रचार ऐन रंगात असताना त्याचा बाप वारला. त्या दिवशी मी फेरीत होतो. मयतीला गेलो नाही. श्रद्धांजलीचा फ्लेक्स मात्र लावला. त्यावर म्हाताऱ्यापेक्षा माझा फोटो मोठा होता.

हरलो. सहा महिन्यांनी लाज गुंडाळून त्याच्या घरी गेलो. माय चुलीपुढं होती. तिनं चहा दिला आणि म्हणाली, "बाबा, मतासाठी दोनदा आलास. मातीला एकदाबी आला न्हाईस."

मी बऱ्याच सभांमधून शिव्या खाल्ल्यात. एवढं काही लागलं नव्हतं.

पुढं मे २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपली, प्रशासक आला. पाच वर्षांहून जास्त काळ या शहरात एकही नगरसेवक नव्हता. त्यात करोना. त्या दिवसांत आमच्या वस्तीतली माणसं कुणाच्या दाराशी गेली? माझ्या नाही. त्या दोस्ताच्या. त्याच्याकडं ना लेटरहेड, ना पद. शिधा कुणाकडं संपला, कुणाला दवाखान्यात न्यायचंय, हे त्याला पाठ होतं. मी त्याच्या हाताखाली पोती उचलली. आम्ही बोलायला लागलो ते तेव्हापासून. जुनी दोस्ती अजून पुरती जुळलेली नाही, हेही सांगतो.

म्हणून म्हणतो, मोठे व्हा. नगरसेवक व्हा, प्राध्यापक व्हा, संपादक व्हा. पण तिकीट घ्यायचं की नाही ते आधी सोबत्यांपुढं मांडा. मतभेद टपरीवर नको, मीटिंगमध्ये तोंडावर बोला आणि नंतर एकाच ताटात जेवा. वर्गणीचा हिशोब भिंतीवर लावा. पद धरून बसू नका. तुम्ही नसताना सभा चालवतील अशी दोन माणसं तयार करा, त्यातली एक बाई असू द्या. आमदाराच्या केबिनमध्ये थेट शिरता येतं, ही ओळख झाली. शेजारच्या खोलीत मयत झाली आणि निरोपाआधी तुम्ही पोचलात, हे नातं झालं. ओळखीनं कामं होतात, चळवळ नात्यावर चालते.

वेळ झाली. आता शिबिर संपेल, फोटो निघतील. सकाळी ज्या दोघांनी सतरंज्या अंथरल्या, ते आता बसून राहतील. बॅनरवर ज्यांचे फोटो आहेत ते उचलतील. पहिलं टोक मी धरतो. दुसरं कोण धरतंय, या पुढं.

जयभीम.