गाठ दिसण्याआधी



कामगार संघटनेच्या माणसाने प्रकाशावर बोलावे हे चमत्कारिक दिसेल. आमचे शिक्षण कारखान्याच्या दारात आणि वाचनालयाच्या बाकावर झालेले. पण उरण-पनवेलच्या पट्ट्यात वर्गणी गोळा करीत हिंडताना जी तोंडे पाहिली, त्यांनीच आम्हांस या विषयाकडे लोटले. तंबाखू मळून गालात धरायची नि रात्रपाळी काढायची. पांढरा चट्टा उठला तरी खाडा पडेल म्हणून दवाखाना टाळायचा. तोंड उघडेनासे झाले म्हणजे मग परळ! आमचा एक सहकारी असाच गेला. त्याचा गाल आम्ही रोज पाहत होतो. दिसले काहीच नाही.

डोळ्यास दिसण्याआधी रोग ओळखता येईल काय? १९२८ साली कलकत्त्यास रामन आणि कृष्णन यांनी दाखविले की, पदार्थावर पडलेला प्रकाश बहुतेक सारा त्याच रंगाने परततो. कोट्यवधींतला एखादा प्रकाशकण मात्र रेणूशी देवघेव करून रंग बदलून येतो. ही देवघेव ज्या त्या रेणूची निराळी. निरोगी गालात चरबीच्या खुणा ठळक उमटतात, गाठीत प्रथिनांच्या.

हे वाचन आपल्याच जिल्ह्यात, खारघरला, टाटा स्मारक केंद्राच्या ‘ॲक्ट्रेक’ संस्थेत मुरली कृष्ण यांच्या प्रयोगशाळेने केले. हॅम्स्टर हा उंदराच्या जातीचा प्राणी गालाच्या पिशवीत दाणे साठवतो. त्या पिशवीस रोगकारक द्रव्य लावून, रोग कसकसा वाढतो ते प्रकाशाने टिपले. आपल्या व्यसनाचे प्रायश्चित्त मुक्या जिवाने घ्यावे, हे आम्हांस बोचते. पुढे माणसांच्या गालांवरही तपासणी झाली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात रोग्याचा दुसरा, वरकरणी धड असलेला गालही तपासला होता. आम्हांस तर तो सहकाऱ्याचाच गाल आठवला.

अडचण एवढीच की, ही खूण फार क्षीण. सोन्याचा अतिसूक्ष्म कण जवळ असला म्हणजे ती अनेक पटींनी वाढते. २००८ साली अमेरिकेतील अटलांटाच्या संशोधकांनी अशा कणांवर गाठीला चिकटणारी प्रथिने बसवून ते जिवंत उंदरांत सोडले, आणि कातडीबाहेरून गाठ ओळखली. ती गाठ माणसाच्या डोके-मानेच्या कर्करोगाच्या पेशींची होती. पण हे कण यकृतातही साचतात. म्हणून माणसाच्या बाबतीत घाई चालणार नाही.

आमच्या वस्तीतल्या दवाखान्यात असले यंत्र आम्ही पाहिलेले नाही. तोवर आरसा आणि उजेड. चट्टा किंवा जखम दोन आठवड्यांत गेली नाही तर डॉक्टरांस दाखवावी. यंदाच्या मागणीपत्रात आम्ही तोंडाच्या तपासणीसाठी एक दिवसाची भरपगारी रजा मागितली आहे. वाटाघाटीत ते कलम मालकांनी सर्वांत शेवटी ढकलले आहे; येत्या बैठकीत आम्ही ते पहिले घेणार आहोत.